पिळायचा राहिलेला कान

माझ्या लग्नाला आता बरीच वर्षं झाली, पोरगी पाचवीत गेली, तरी सासरच्या माणसांच्या मते माझं लग्न अजून पुरतं लागलेलं नाही. अक्षता पडल्या, मंगळसूत्र घातलं, सप्तपदी झाली, पंगती उठल्या. कान तेवढा पिळायचा राहिला.

आमच्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, एवढाच त्याचा अर्थ. मग नवऱ्याकडचे त्याला पोशाख करतात, फोटोवाला तोच कान पुन्हा पिळायला लावतो आणि नवरदेवाचे मित्र मागून चेव आणतात. घटकाभराचा खेळ, पण मान भावाचा. माझ्या मेव्हण्याला तो घेता आला नाही, कारण आमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी तो पुण्यात हरवला. तो अजून सापडलेला नाही.

मी मूळचा दौंड तालुक्यातला, पाटसच्या अलीकडचा. नोकरी रांजणगावच्या कंपनीत. बायको शिरूर तालुक्यातली. मधे भीमा. आमच्याकडचे म्हणतात, शिरूरची माणसं तोंडाने फटकळ. तिकडचे म्हणतात, उसाला पाणी मिळाल्यापासून दौंडकरांना आळस चढलाय. मी दौंडचा असून फटकळ निघालो, त्यामुळे दोन्ही तीरांवर माझं फारसं कौतुक नाही. डोकं तापायला मला कारण लागत नाही. कंपनीची बस उशिरा आली तर मी ड्रायव्हरशी भांडतो आणि वेळेवर आली तर चहा अर्धा राहिला म्हणून भांडतो. सासूबाईंचं, म्हणजे ज्यांना मी मामी म्हणतो त्यांचं, यावर ठरलेलं निदान आहे. पाव्हण्यांचा कान पिळायचा राहिला, म्हणून ते असे तिरसट. हे त्या माझ्यासमोर चारचौघांत सांगतात आणि वर मलाच विचारतात, व्हय की न्हाई?

मुलगी बघायला गेलो तेव्हा माझ्या चुलत्यांनी नेहमीचे प्रश्न विचारले होते. मुलीला भाऊ किती? एक. काय करतो? स्पर्धा परीक्षेचा अभ्यास. कुठं असतो? पुण्यात. सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, दिलेल्या उत्तरांत एक अक्षर खोटं नव्हतं. आमच्या भागात घरटी एक पोरगं पुण्यात अभ्यासाला असतंच, तेव्हा चुलत्यांनी मान हलवली आणि पोह्यांची बशी उचलली. साखरपुड्याच्या आधी मात्र मीच हट्ट धरला, की होणाऱ्या मेव्हण्याशी एकदा फोनवर बोलतो, नंबर द्या. तेव्हा मामा मला कांद्याच्या चाळीमागे घेऊन गेले आणि खरं काय ते सांगितलं.

पुण्यात पेठेतल्या एका खोलीत तो आणखी तिघांबरोबर राहायचा. एका सकाळी इस्त्रीला टाकलेले कपडे घेऊन येतो म्हणून खाली उतरला. इस्त्रीवाल्याकडे तो गेलाच नाही. एका दुकानाच्या कॅमेऱ्यात तो चौकाकडे चालत जाताना दिसतो, पाठमोरा, कसलीही घाई नसलेला. चौकाच्या पुढे काहीच नाही. फोन खिशात होता, तो दुपारी बंद झाला. खोलीवर भांडण नव्हतं, कुणा मुलीचं प्रकरण नव्हतं, मागे चिठ्ठी नव्हती. परीक्षेत तो नापास होत होता, पण तसं तर सगळेच होत होते. पोलिसांनी विचारायचं ते सगळं विचारलं. मामांनी सगळे दवाखाने पालथे घातले, आणि जिथे कुणाही बापाला जावं लागू नये तिथेही ते जाऊन आले.

"आता तुमचं तुम्ही ठरवा," मामा म्हणाले. "पोरीला दोष देऊ नगा, एवढंच."

मला राग आला. आधी का सांगितलं नाही याचा राग, चुलत्यांनी पोह्यांकडे बघत प्रश्न विचारले याचा राग, आणि एवढं मोठं दुःख पोटात ठेवून हा माणूस मला खुर्ची पुसून देत होता, त्याचा तर सगळ्यात जास्त. पण रागाच्या भरात माझ्या तोंडून जे निघालं ते भलतंच होतं. मी विचारलं, मग शोधायला परत कधी जायचं? मामांनी माझ्याकडे नीट बघितलं. सोयरीक जुळली ती तिथे, असं मी समजतो. साखरपुडा नंतरचा.

आता लग्नाची गोष्ट. गुरुजींनी पुकारलं, कानपिळ्या कोण, पुढं या. बायकोचा चुलतभाऊ बाह्या सरसावून पुढे आला. तसं आधी ठरलंच होतं, सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, मामींना सोडून. त्याचा हात माझ्या कानापर्यंत आला असेल नसेल, तोच बायकांच्या घोळक्यातून मामींचा आवाज आला.

"हात लावू नगो. त्याचा मान हाय. तो आल्यावर पिळंल."

चुलतभाऊ हात तसाच हवेत धरून उभा राहिला, मग त्याने त्याच हाताने स्वतःचं डोकं खाजवलं. गुरुजी पुढच्या विधीकडे वळले. माझ्या शेजारी बायको मान खाली घालून बसली होती आणि तिच्या मुंडावळ्या हलत होत्या. आमच्याकडून आणलेला पोशाख माझ्या आईने पिशवीत परत घातला. आईला वाटलं होतं मामी रागावल्यात. मला तसं वाटलं नाही. त्यांनी फक्त एक जागा धरून ठेवली होती. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तशी.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली. हे सांगायला मला संकोच वाटत नाही, कारण लोकांना वाटतं, असलं काही झालेल्या घरात माणसं कायम रडत बसलेली असतात. तसं नसतं. मामांच्या घरी जितकं हसणं होतं तितकं माझ्या घरी होत नाही. मामी आमटी अशी करतात की जावई म्हणून आखडून बसायचं मला कधी जमलंच नाही. धाकटी मेव्हणी मला दाजी दाजी करत माझ्या गाडीवर चालवायला शिकली आणि ती गाडी तिने पाटात घातली. मेव्हण्याचं नावही घरात सहज निघतं. त्याला वांगं आवडत नव्हतं, तो झोपेत बोलायचा, पोहताना कुणाचं ऐकायचा नाही. मी त्याला कधी पाहिलेलं नाही, पण त्याच्या खोड्या मला तोंडपाठ आहेत. कधी कधी त्याचा भयंकर राग येतो. वाटतं, जिथे असशील तिथून एक मिस्ड कॉल दे, गाढवा, मग परत हरव.

बाहेरच्यांचे तर्क मात्र मला सहन होत नाहीत. कुणी म्हणतं साधू झाला, कुणी म्हणतं दुबईला गेला, कुणाच्या मेव्हण्याने त्याला हिंजवडीत बघितलेलं असतं. एकदा मामांच्या दारात बसून एका पाहुण्याने त्याची पत्रिका मांडायला घेतली, तेव्हा मी त्याला इतकं सुनावलं की तो चहा न पिता उठला. मामी आतून म्हणाल्या, बघा, कान. मग आम्ही सगळे हसलो, मीसुद्धा.

मामांची शोधायची पद्धत त्यांची स्वतःची आहे. ते झेंडू करतात. पूर्वी दसऱ्याचा माल मार्केट यार्डात गाळ्यावर टाकून मोकळे व्हायचे. पोरगा गेल्यापासून व्यापाऱ्याला फूल देत नाहीत. खंडेनवमीला पहाटे पिकअप भरायची आणि पुण्यात जाऊन रस्त्याच्या कडेला ताडपत्री टाकून स्वतः विकायला बसायचं. एका वर्षी कोथरूड, पुढच्या वर्षी हडपसर, मग धायरी, मग विश्रांतवाडी. एकदा बसले त्या भागात पुन्हा बसत नाहीत. जम बसलेली जागा का सोडता, असं मी दुसऱ्या वर्षी चिडून विचारलं होतं. आदल्या जागेला गिऱ्हाईक ओळखीचं झालं होतं, सावली होती, समोर रसवंती होती.

"दसऱ्याला शहरातलं माणूस न् माणूस फुलं घ्यायला खाली उतरतं," मामा म्हणाले. "आपुन कुठवर हिंडायचं? एका जाग्यावर बसायचं आन् शहर बघायचं."

तेव्हापासून मी दरवर्षी खंडेनवमी आणि दसऱ्याची रजा टाकतो. सुपरवायझरला वाटतं, मी शस्त्रपूजेचा मोठा भोक्ता आहे. खरं सांगायचं तर वर्षातले मला सगळ्यात आवडणारे दिवस ते. पहाटे पिकअपमध्ये झेंडूच्या वासात बसून जायचं, कोरेगाव भीमाच्या पुलाच्या अलीकडे चहा घ्यायचा, उन्हं चढेपर्यंत ढीग लावायचा. बायकोने भाकरी आणि ठेचा दिलेला असतो. सोसायटीचा बिहारी वॉचमन कुठल्याही भागात असतोच, तो येऊन विचारतो, गाँव से लाये क्या, आणि त्याला दोन मुठी फुलं द्यावीच लागतात. मामा विकण्यात अगदी कच्चे. त्यांची नजर काट्यावर नसते, माणसाच्या तोंडावर असते, त्यामुळे माप कायम जास्त जातं. पुणेरी बायका तरीही म्हणतात, जरा बघून घाला हो. तिथे मग मी बोलतो. मामा मला कोपराने ढोसतात.

धायरीच्या वर्षी असं झालं. एक पोरगा स्कूटर लावून किराणा दुकानाकडे निघाला होता. पाठमोरा. मामांच्या हातातली पिशवी खाली पडली आणि ते धावत सुटले. त्या वयाचा माणूस इतकं पळतो हे मला माहीत नव्हतं. मी त्यांच्या मागे पळालो. दुकानाच्या पायरीवर मामांनी त्याचा दंड धरला, पोरगा वळला, आणि तो कुणीतरी दुसराच होता, चष्मा लावलेला, घाबरलेला. मामा त्याला म्हणाले, "चुकलं, लेकरा." त्याने मामांना पायरीवर बसवलं आणि पाण्याची बाटली आणून दिली. आम्ही परत आलो तर ताडपत्रीवर एक मोकाट गाय उभी राहून निवांत झेंडू खात होती. मामा माझ्यावर जे खवळले, ढीग सोडून तुम्ही कशाला आलात, एवढं कळत न्हाई का. मी त्या दिवशी एक शब्द उलटा बोललो नाही. गाय हाकलली आणि उरलेली फुलं नीट पसरली. थोड्या वेळाने मामा म्हणाले, भूक लागली, भाकर काढा. आम्ही जेवलो.

या वर्षी धाकट्या मेव्हणीचं लग्न ठरलं. मुलगा कोरेगाव भीमाचा, हायवेला टायरचं दुकान, हसरा, अंगाने गुबगुबीत. बघण्याच्या वेळी मीच पुढे बसलो होतो. भाऊ काय करतो, या प्रश्नावर मी मामांना बोलूच दिलं नाही. सरळ सांगितलं, भाऊ हरवलाय, पुण्यात, बरीच वर्षं झाली, आम्ही शोधतोय. आधीच्या एका स्थळाने हे बाहेरून कळल्यावर मोडता घातला होता आणि त्या मध्यस्थाशी माझं भर रस्त्यात वाजलं होतं. हे लोक तसे निघाले नाहीत. मुलाच्या आईने मामींचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. मला ती बाई तिथल्या तिथे आवडली.

लग्नाच्या आधी मेव्हणीने मला गाठलं. पत्रिका वाटायला आम्ही दोघं शिरूरला गेलो होतो, येताना तिने गाडी रस्त्याच्या कडेला घ्यायला लावली. भाऊ गेला तेव्हा ती शाळेत होती. आता बँकेत नोकरी करते, सगळ्यांना सल्ले देते, पण त्या दिवशी तिलाच माझ्याकडून काहीतरी हवं होतं.

"दाजी, माझ्या लग्नात काय राह्यला नको," ती म्हणाली. "ताईच्या लग्नात दादाचं राह्यलं. आपल्या घरातल्या दर कार्यात कायतरी राहतंच. माझं एक तरी पुरं होऊ दे. मी आईला कसं म्हणू? तिला वाटंल, मी दादाला सोडून दिला."

म्हणून मामींना मी सांगायचं, की या वेळी चुलतभावाला कान पिळू द्या. कारण माझाच कान राहिलेला, माझ्या तोंडून ते शोभेल, असा तिचा हिशेब. मी हो म्हणून बसलो आणि दोन दिवस माझं मलाच डोकं फोडून घ्यावंसं वाटत होतं.

मामी गच्चीवर कुरडया घालत होत्या. मी वर गेलो तर त्यांनी मला आधी चिकाचं पातेलं उचलायला लावलं, मग वाटीत गरम चीक आणि गूळ घालून पुढे ठेवला. मी खात खात आडवळणाने सुरुवात केली. चुलतभाऊही तसा घरचाच, पोरीची हौस, नवीन पाहुणे काय म्हणतील. मामी सोऱ्या फिरवत राहिल्या. धोतराच्या पांढऱ्या फडक्यावर कुरडईचे वेढे पडत होते. मी बोलायचं थांबलो तेव्हा त्यांनी हात थांबवला.

"दुसऱ्यानं पिळला म्हंजी तो न्हाई, आसंच झालं ना, पाव्हणं?"

मी वाटीतला गूळ बोटाने कालवत राहिलो. मामींनी माझ्या वाटीत आणखी चीक वाढला. खाली आल्यावर मेव्हणीने भुवया उडवून विचारलं आणि मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाही सांगता आलं नसतं.

लग्न शिरूरच्या बाहेर हायवेलगतच्या कार्यालयात होतं. उन्हाचा ताव होता, कूलर होते, ते नुसता आवाज करत होते. तो जुना चुलतभाऊ आला होता, आता त्याला चांगलं पोट सुटलंय. गुरुजींनी पुकारलं, कानपिळ्या कोण. तो जागचा हलला नाही. एकदा हात पोळलेला माणूस, तो कशाला पुढे येईल. मेव्हणी बोहल्यावरून माझ्याकडे बघत होती. मी मामांकडे बघितलं, मामा फेट्याचं टोक चाळवत बसले होते.

मामी उठल्या. सगळ्यांना वाटलं, आता तेच. मामींनी मात्र आहेराच्या टेबलाकडे बघून हाक मारली, थोरलीला बोलवा. माझी बायको हातातल्या साड्या तिथेच टाकून आली.

"तू पिळ," मामी म्हणाल्या. "हिला आन् तिच्या दादाला, दोघांनाबी तू कडंवर घेऊन वाढवलंयस."

गुरुजी भले माणूस, पण त्यांना राहवलं नाही. ते म्हणाले, भाऊ लागतो हो, चुलत चालतो, मावस चालतो.

"गुरुजी, भाऊ हरवल्यावर काय करायचं, तुमच्या पोथीत लिव्हलंय का?" मामींनी आवाज चढवला नाही. "न्हाई ना? मग आमचं आमाला बघू द्या."

गुरुजींनी पोथीवरून हात फिरवला आणि मान डोलावली. बायकोने पदर खोचला, नवरदेवाचा कान धरला आणि पिळला. फोटोपुरता नाही. माझ्याबरोबर काढलेल्या सगळ्या वर्षांचा जोर त्यात होता, हे मला लांबून दिसलं. तो बिचारा चवड्यांवर उभा राहिला, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तरी तो हसत होता. त्याच्या मित्रांनी शिट्ट्या मारल्या. मेव्हणी आधी हसली, मग मुंडावळ्यांसकट ताईच्या कमरेला मिठी मारून रडली. नवऱ्याच्या आईने पुरुषाचा पोशाख बाजूला सारून स्वतःसाठी घेतलेली भारी पैठणी माझ्या बायकोच्या खांद्यावर टाकली. मला फार बरं वाटलं. पोरीच्या लग्नात काही राहिलं नाही, आणि हरवलेल्या मेव्हण्याची जागाही कुणा दुसऱ्या पोराला गेली नाही. मामींनी हे गच्चीवर, कुरडया घालतानाच ठरवलं होतं की त्या घटकेला सुचलं, ते मी अजून विचारलेलं नाही.

त्या हसण्याच्या भरात एका चुलत सासूने हौसेने सुचवलं, की आता थोरल्या पाव्हण्यांचंही उरकून घ्या, एवढी वर्षं तो कान तसाच पडलाय. सगळे हसले. त्या चुलतभावालाही धीर आला, तो माझ्या दिशेने दोन पावलं चालत आला. मी हसायला गेलो, पण हसू आलं नाही. माझा हात आपोआप कानावर गेला होता. इतकी वर्षं मी त्या कानावरून चेष्टा ऐकली, आणि आता तो कुणी पिळू नये म्हणून मी तो मुठीत धरून उभा होतो. मला खरोखर भीती वाटली. मामींनी एक शब्द उच्चारला असता तर मी मान पुढे केली असती, कारण तो माझा हट्ट नव्हता, त्यांचा होता. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

मामींनी त्या चुलतभावाला बाजूला सारलं. माझ्याजवळ आल्या, माझ्या हाताकडे आणि त्यातल्या कानाकडे बघितलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "ह्यांचा राहू द्या."

"राहू द्या, मामी," मी म्हणालो. "मला कुठं घाई हाय."